गवत कापलेलं की चरलेलं?

नोएडात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने एका गोष्टीचे वेगळे पैसे लावले होते. इकडे त्याला ‘पीएलसी’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर मोक्याच्या जागेचा जादा आकार. आमच्या बाल्कनीसमोर बाग येणार होती, म्हणून चौरस फुटामागे अमुक इतके रुपये जास्त! बाग आली. चार वर्षांनी बागेच्या पलीकडे भला थोरला टॉवरही आला. आता सकाळचा चहा घेताना आम्हाला समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. जादा आकार अर्थातच परत मिळाला नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे, गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात पुन्हा एकदा ‘व्ह्यू’ विकत घ्यायची वेळ आली. या वेळी पैसे सासूबाईंचे होते.

दिल्ली परिसरातली दिवाळीनंतरची हवा तुम्हाला ठाऊक आहेच. खिडक्या बंद, घरात एअर प्युरिफायरची घरघर, वयस्कर माणसांचं खाली उतरणंही बंद. अशाच एका धुरकट संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, “माझी मुदत ठेव पिकली आहे. मला एकदा उघड्यावरची जनावरं बघायची आहेत. सगळे मिळून जाऊ. पण जीपमध्ये हाडं खिळखिळी करून नाही. खुर्चीत बसून बघायची.”

सासूबाईंचं वय बहात्तर. एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा राहिलेला. त्यामुळे ‘खुर्चीत बसून’ ही काही लाडाची अट नव्हती. तीन तास उघड्या जिप्सीत बसणं त्यांना झेपणारंच नाही. सफारीच्या जाहिरातीत ‘खोलीतून विहंगम दृश्य’ असं लिहिलेलं असतं, ते तुमच्या-माझ्यासाठी चैनीचं. त्यांच्यासाठी मात्र तीच अख्खी सफारी होती. खिडकी फसली की सहल फसली!

ह्यांनी लगेच लॅपटॉप उघडला आणि थेट केनिया काढलं. मसाई मारा. दूरवर पसरलेलं पिवळं गवत, मध्येच एखादं छत्रीसारखं झाड, समोर तंबूवजा आलिशान खोली आणि खोलीपुढे लाकडी ओटा. खाली लिहिलेलं, ‘सॅव्हानाचं अमर्याद दृश्य’.

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “अरे, हा तर माळ आहे!”

आम्ही हसलो. पण मंडळी, त्यांचं काही चुकलं नव्हतं. सॅव्हाना म्हणजे काय, तर गवताचा उघडा प्रदेश आणि त्यात विरळ झाडं. आपल्या दख्खनच्या माळरानांना अभ्यासक सॅव्हानाच म्हणतात. फरक एवढाच की आफ्रिकेत त्याचं तिकीट लागतं, आणि आपल्याकडे सरकारी कागदावर त्याची नोंद बहुतेक वेळा ‘पडीक’ अशी होते. सासूबाईंचं माहेर सोलापूरजवळ, नान्नजच्या बाजूला. माळढोकाच्या अभयारण्यामुळे हे नाव पुष्कळांना माहीत असेल. त्यांचं लहानपण माळावरच गेलेलं.

पण केनिया असं हसण्यावारी सोडण्यासारखं नव्हतं. ह्यांची फार दिवसांची इच्छा, आणि चिरंजीवांना सिंह हवेत. म्हणून मी रीतसर चौकशी केली. ती इथे सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट राखीव क्षेत्राच्या शुल्काची. २०२४ पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. विल्डबीस्टांचे कळप नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे नेमका महाग हंगाम. तीन मोठी माणसं, तीन दिवस, १८०० डॉलर. दीड लाखाच्या वर रुपये नुसत्या आत जाण्याचे, त्यात विमान नाही की खोली नाही. दुसरी गोष्ट, लॉज राखीव क्षेत्राच्या आत आहे की शेजारच्या मसाई लोकांच्या खासगी संरक्षित जमिनीवर, हे बघायचं. त्या जमिनींवर गाड्यांची संख्या मर्यादित असते, पायी फिरता येतं, काही ठिकाणी रात्रीही बाहेर नेतात. राखीव क्षेत्रात यातलं बरंचसं चालत नाही, आणि एका सिंहाभोवती गाड्यांचा गराडाही पडतो. तिसरी गोष्ट, नैरोबीहून छोट्या विमानाने गेलात तर माणशी साधारण पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीत. आपल्या चाकांच्या कडक बॅगा तिथे चालत नाहीत. व्हिसाच्या जागी २०२४ पासून इंटरनेटवरून आगाऊ प्रवासपरवाना काढावा लागतो, ते मात्र सोपं आहे.

चौथी गोष्ट आम्हाला आमच्या डॉक्टरांकडे कळली. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. नाहीतर विमानतळावरून घरी न जाता सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलं जाऊ शकतं. आणि साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर फार जपून पावलं टाकतात. आमचे डॉक्टर सासूबाईंची फाईल चाळून म्हणाले, “गरज असेल तर बघू. पण नुसत्या सहलीसाठी?” पुढे ते काही बोलले नाहीत. गाडीत ह्यांनी केनियाचं नाव काढलं नाही. घरी आल्यावर लॅपटॉपवरचं ते पान मात्र दोन दिवस तसंच उघडं होतं.

मग देशातलं. दिल्लीकरांना जंगल म्हटलं की दोन नावं आठवतात, रणथंभोर आणि कॉर्बेट.

रणथंभोर गाडीने चार-पाच तासांवर. तिथे चैनीचे लॉज पुष्कळ आहेत, हंगामात काहींचं एका रात्रीचं भाडं लाखाच्या घरात जातं. स्नानगृहात पाय असलेला टब, तंबूत झुंबर, सगळं! पण एक साधी गोष्ट कुणी ठळक अक्षरांत छापत नाही. लाखाच्या तंबूतला पाहुणा असो की दोन हजारांच्या खोलीतला, दोघांनाही वनखात्याच्या त्याच फाटकातून, वनखात्याकडे नोंदलेल्या त्याच सहा आसनी जिप्सीत किंवा वीस आसनी कँटरमध्ये, परवान्यावर लिहिलेल्या विभागातच जावं लागतं. लॉजचं भाडं वाढलं म्हणून वाघ जवळ येत नाही. आणि हे लॉज उद्यानाच्या बाहेर आहेत. उद्यानाच्या आत पद्म तलावाकाठी जोगी महाल आहे, पण तिथे आता पाहुण्यांना मुक्काम करता येत नाही. जिप्सीत बसू शकणाऱ्याने रणथंभोरला जरूर जावं. आम्ही त्या नावावर काट मारली.

कॉर्बेटचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. मला त्यात थोडा अनुभवही होता, कडू म्हणा हवं तर. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही एका प्रसिद्ध अभयारण्याजवळच्या (ते कुठलं, ते राहू दे) महागड्या रिसॉर्टमध्ये ‘जंगल व्ह्यू’ खोली घेतली होती. जंगल होतं, पण भिंतीपलीकडे. भिंतीअलीकडे दिल्लीच्या कुणाचं तरी लग्न! रात्री साडेबारापर्यंत डीजे. चिरंजीव तेव्हा दीड वर्षाचे, रडून रडून झोपले. सकाळी गाईडला विचारलं, इथे हत्ती येतात का? तो म्हणाला, “पूर्वी याच बाजूने पाण्यावर जायचे.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कॉर्बेटच्या पूर्वेला रामनगरहून राणीखेतकडे जाणारा रस्ता आहे, रस्त्यापलीकडे कोसी नदी. ढिकुलीच्या आसपास रस्ता आणि नदी यांच्यामध्ये रिसॉर्ट्सची रांगच उभी आहे. त्यांचं मोठं आकर्षण काय, तर नदीचं दृश्य. पण त्याच नदीवर जंगलातल्या जनावरांनाही जायचं असतं. पाण्याकडे जाणाऱ्या वाटा या बांधकामांनी अरुंद होत चालल्या आहेत, हे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेटच्याच प्रकरणात निकाल देताना रात्रीच्या पर्यटनाला मनाई केली आणि जनावरांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर नवी रिसॉर्ट्स नकोत, असंही बजावलं. गाभा क्षेत्रात फिरताना मोबाईल वापरायलाही मनाई झाली. मला विचाराल तर ही शेवटची सर्वांत गोड बातमी!

आणि हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मसाई मारात सँड नदीच्या काठी एका बड्या आंतरराष्ट्रीय हॉटेलसमूहाचा अतिमहागडा लॉज उघडला, तेव्हा एका मासाई अभ्यासकाने न्यायालयात धाव घेतली. कळपांच्या स्थलांतराची वाट या लॉजने अडते, असं त्याचं म्हणणं. लॉजच्या बाजूने ते नाकारण्यात आलं, आणि पुढे दावा मागेही घेतला गेला. कोण बरोबर, कोण चूक, हे मी नोएडात बसून ठरवणार नाही. पण पैसे मोजण्याआधी विचारायचा एक प्रश्न त्यातून हाती लागतो. हे जे सुंदर दृश्य तुम्ही मला विकताय, ते कुणाच्या वाटेत उभं राहून?

कॉर्बेटमध्ये याला एक छान अपवाद आहे, तो म्हणजे ढिकाला. उद्यानाच्या पोटात, रामगंगेच्या काठी वनखात्याचं जुनं विश्रामगृह. समोर प्रचंड गवताळ मैदान, तिकडे त्याला ‘चौर’ म्हणतात. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी ओसरतं, कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळप तिथे उतरतात. आवाराच्या कडेला बसून ते दिसू शकतात. खोल्या साध्या, जेवण शाकाहारी, मद्याला बंदी (ह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता). दृश्याच्या बाबतीत दिल्लीजवळ याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि भाडं चैनीच्या लॉजच्या कितीतरी पटीने कमी. पण ढनगढी फाटकापासून आत तीसेक किलोमीटर जंगलातला रस्ता, आणि खोल्यांचं आरक्षण हा हा म्हणता संपतं. आम्हाला हव्या त्या तारखा मिळाल्या नाहीत. मिळाल्या असत्या तरी त्या रस्त्याने गुडघ्यांचं काय केलं असतं, कुणास ठाऊक.

आता राहिले खासगी लॉज. मी यादी केली आणि फोन करायला बसले. अनुभवाने शहाणी झाले होते, म्हणून माझे प्रश्न तयार होते. खोलीपासून जेवणघर किती पावलं? मध्ये पायऱ्या किती? (मोठ्या लॉजमध्ये खोल्या मुद्दाम दूर दूर बांधतात. खासगीपणासाठी! गुडघेवाल्यांना तो खासगीपणा महागात पडतो.) ओटा कुठल्या दिशेला, म्हणजे दुपारी ऊन अंगावर येतं का? लग्नं, ऑफिसच्या पार्ट्या घेता का? आमच्या ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय काय? हा शेवटचा प्रश्न मी नेहमी विचारते. पन्नास हजारांच्या खोलीबाहेर ड्रायव्हर गाडीत अंग मुडपून झोपतो, हे दृश्य मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. आणि त्यावरून लॉजचं बाकीचं कळतं.

सगळीकडून गोड उत्तरं येत होती. सगळीकडे ‘ग्रासलँड व्ह्यू’. सासूबाई शेजारी बसून पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. एका फोनच्या वेळी त्यांनी हात पुसला, माझ्या हातातून फोन घेतला आणि अस्सल सोलापुरी हिंदीत विचारलं, “भैया, वो सामने जो घास है ना, वो काटा हुआ है के चरा हुआ है?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग अभिमानाने उत्तर आलं, “मॅडम, हमारा माली रोज मेंटेन करता है!”

सासूबाईंनी फोन मला परत दिला. “काट मार,” म्हणाल्या.

खरं सांगते, तीन आठवडे मी जे धुंडाळत होते ते त्या एका प्रश्नात होतं. माळ्याने कापलेलं गवत म्हणजे लॉन. त्यावर मोर येईल फार तर. जनावरांनी चरलेलं गवत वरखाली असतं, त्यात लेंड्या असतात, मधून वाटा पडलेल्या असतात. ज्या खिडकीतून तसं गवत दिसतं, त्या खिडकीतून आज ना उद्या चरणारं जनावरही दिसणार. त्यानंतर मी दोन गोष्टी करू लागले. जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवून, मिळणाऱ्या नेमक्या खोलीच्या ओट्यावरच्या खुर्चीतून आज सकाळी काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागायचा. आणि नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून लॉज, पाणी आणि उद्यानाची हद्द यांच्यामध्ये काय काय उभं आहे ते बघायचं. तीन लॉजनी फोटो पाठवलाच नाही. एकाने पाठवला, त्यात पोहण्याचा तलाव होता.

ज्याने विनातक्रार पाठवला तो लॉज निघाला गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदरजवळ. फोटोत विशेष काही नव्हतं. पिवळं गवत, धुकं, आणि मागे चार ठिपके. सासूबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. “काळवीट,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

वेळावदरचं राष्ट्रीय उद्यान १९७६ सालचं, जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. पूर्वी हे भावनगर संस्थानचं राखीव गवती रान. संस्थानिक इथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं, काळवीट मात्र इथे तगलं. आज हजाराहून जास्त आहेत. शिवाय लांडगा, तरस, नीलगाय. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेकडोंनी येतात आणि संध्याकाळी झाडावर न बसता चक्क गवतात जमिनीवर रात्र काढतात. तणमोर मात्र पावसाळ्यात येतो, आणि उद्यान साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. त्यामुळे त्याचं नाव आमच्या यादीत नव्हतं.

दिल्लीहून अहमदाबादला विमान, पुढे मोटारीने अडीच-तीन तास. रस्ता सपाट, जमीन सपाट, गुडघे खूश. लॉजचं भाडं स्वस्त नव्हतं, पण रणथंभोरच्या बड्या नावांपेक्षा पुष्कळ कमी. ज्यांना तेवढंही नको, त्यांच्यासाठी वनखात्याची राहण्याची सोय आहे. आणि मोटारीनेच जायचं असेल तर राजस्थानात चुरू जिल्ह्यात ताल छापर आहे. अवघं सात चौरस किलोमीटर, पण काळविटांनी भरलेलं. महाराष्ट्रातल्या वाचकांना तर एवढंही लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे, आणि कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी तर काळविटांसाठीच राखलेलं. चैनीचा लॉज तिथे नाही. डबा घेऊन जा.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. पहिल्या दिवशी सगळे मिळून सफारीला गेलो, सासूबाईसुद्धा. रस्ता इतका सपाट की त्यांनी कुरकुर केली नाही. चिरंजीवांना लांडगा दिसला, दूरवर, पण दिसला. सिंहाचा विषय तिथेच मिटला. ह्यांनी भोवत्यांचे शंभरेक फोटो काढले, त्यातले दोन ठीक आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सफारी होती. सासूबाई ओट्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. गवतावर दव, आणि खोलीपासून फार तर शंभर पावलांवर काळविटांचा कळप. एक काळाभोर नर मान मागे टाकून उभा, बाकीच्या माद्या चरत होत्या. मध्येच एक उडाली. एकीने उडी मारली की पाठोपाठ सगळ्या उड्या मारत सुटतात, कुणीतरी स्प्रिंग सोडावी तशा.

“आमच्या ज्वारीत असेच घुसायचे,” सासूबाई चिरंजीवांना सांगत होत्या. “मग माझे वडील मला पत्र्याचा डबा देऊन मचाणावर बसवायचे. वाजवायचा आणि हाकलायचं.”

“मग तू हाकलायचीस?”

“कसलं! डबा मांडीत धरून बघत बसायची. ज्वारी जायची आणि मला बोलणी बसायची.”

जिप्सी आली, हॉर्न वाजला. सासूबाई उठल्या नाहीत. चिरंजीवही म्हणाले, मी आजीजवळ थांबतो. आम्ही दोघंच गेलो. दोन तिकिटं वाया गेली. त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, हे आरक्षणाच्या पावतीवर लिहिलेलंच असतं.